सगळा दोष विटेवर का?

महोदय,

शाळेच्या भिंतीला गेलेल्या तड्यांची बातमी कालच्या अंकात वाचली. ‘निकृष्ट विटांमुळे’ असे मथळ्यातच ठरवून टाकले आहे. वीट तपासायला पाठवली होती का, याचा बातमीत पत्ता नाही. आपल्याच छायाचित्रात गिलावा पडलेल्या जागी विटांच्या दोन रद्द्यांमधला, म्हणजे थरांमधला, सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा आडवा सांधा अंगठ्याएवढा जाड दिसतो, त्यावर एक ओळ नाही.

हा सांधा 10 मिलिमीटरचा हवा. तो 16 ते 19 मिलिमीटर झाला की भिंतीची दाब सोसण्याची ताकद 30 टक्क्यांपर्यंत घटते, हे प्रयोगांतून दिसून आलेले आहे. वरून भार आला की मऊ मसाला बाजूला पसरू पाहतो आणि विटेलाही ताणतो. वीट दाब सोसते, ताण फारसा सोसत नाही. ती उभी चिरते. चांगली वीटही चिरते. उभ्या सांध्यांतून उजेड दिसतो म्हणून आपण चौकट छापलीत. त्यातून पाऊस आत येईल हे खरे, पण भार पेलण्यात त्याने फारसा फरक पडत नाही. आडवे सांधे बघायला हवे होते.

माझ्या बहिणीचे घर दुमजली, आरसीसीचे, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचे, खांब नाहीत, सगळा भार नऊ इंची भिंतींवर. विटा मी स्वतः निवडल्या होत्या. एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजत, नखाने ओरखडा उठत नसे. त्या ऐन उन्हाळ्यात न भिजवता लावल्या. कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून घेते, सिमेंटला ते उरत नाही. कालवलेला माल दोन तासांत संपवायचा असतो. इथे सकाळचा माल दुपारी आवळला की पुन्हा पाणी ओतून वापरत. ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, लावून पाहिला तर मधल्या भिंतीचा फुगवटा उघड दिसत होता. मी हटकले तेव्हा ठेकेदार म्हणाला, “काका, गिलाव्यात सगळं झाकून जातं.” निदान आठवडाभर पाणी मारायचे, तेही दोन-तीन दिवसांत बंद केले. पुढे स्लॅबखाली उभे तडे आले, तेव्हा हाच माणूस भट्टीवाल्याच्या नावाने बोटे मोडू लागला. बहिणीने आयुष्यभराची पुंजी त्या घरात घातली आहे. तिचे नुकसान कोण भरून देणार?

त्यातच तिच्या दारासमोरचा रस्ता दरवेळी जुना थर न खरवडता वरून डांबर ओतून उंच केला जातो. आता पावसाचे पाणी जोत्यावर चढते आणि खालच्या रद्द्यांना लोणा, म्हणजे क्षार, लागला आहे. यावर आपल्या वार्ताहराने एकदा तरी लिहावे.

शाळेत मुले बसतात. दुरुस्तीच्या नावाखाली तडे बुजवून वर गिलावा मारण्याआधी वार्ताहराने तिथे पट्टी घेऊन जावे, सांधे मोजावेत, भिंतीला ओळंबा लावायला सांगावे आणि ते आकडे छापावेत.

– एक निवृत्त ओव्हरसिअर, सांगली जिल्हा