आई, गोळी चहाबरोबर नको

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

दक्षिण महासागरातलं लोह मोजायच्या मोहिमेला मी जायचं कळवून टाकलंय. डिसेंबरात केपटाऊनहून जहाज सुटेल, फेब्रुवारीअखेर मी इंदूरला. फोनवर बाबा नुसतं ‘बरं’ म्हणाले, ते मनाला लागून राहिलं, म्हणून लिहिते.

अंटार्क्टिकाभोवतीच्या या दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट ही खतं भरपूर आहेत, तरी वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, खुरटलेलेच राहतात, कारण लोह फार कमी. जमीन लांब असल्याने धूळ कमी पोचते. पाण्यात आलेलं लोहही फार टिकत नाही. आई, तव्यावर रात्रभर पाणी राहिलं की सकाळी गंज दिसतो ना, तसंच तिथे होतं. गंजाचे कण तळाला जातात. उरलेलं बहुतेक सेंद्रिय रेणूंना चिकटलेलं असतं, त्यातलं किती मिळेल ते प्लवकाच्या जातीवर ठरतं. एका लिटरमध्ये लोह जेमतेम 10 नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा कोटीवा भाग! आणि जहाज अख्खं लोखंडी. गंजाचा एक कण पडला की पाण्याचा नमुना फुकट. म्हणून बाटल्या आठवडाभर 10% हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवायच्या, दोर केव्हलरचा, म्हणजे धातू नसलेल्या मजबूत कृत्रिम धाग्याचा, हातमोजे दुहेरी, गाळणी 0.2 मायक्रॉनची. मग नमुन्यात लिटरमागे 2 मिली अतिशुद्ध आम्ल, नाहीतर लोह बाटलीलाच चिकटून बसतं. हे दुसऱ्यावर सोपवायला जीव धजत नाही, बाबा.

केबिन उबदार आहे, गरम जेवण मिळतं, डॉक्टर जहाजावरच असतात. तुझी गोधडी नेते आहे. धागे सुटतात म्हणून ती केबिनमध्येच राहील, पण रात्री लागेलच.

आता ऐक. तुझ्या गोळीतलं लोह चहातलं टॅनिन धरून ठेवतं, मग अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, चहा दोन तासांनी, कॅल्शियमची रात्री. पोटात जळजळलं तर डॉक्टरांना विचार, स्वतःहून बंद करू नकोस. आणि नुसत्या गोळीवर राहू नकोस, एकट्या लोहाने भागत नाही. 2009च्या भारत-जर्मनीच्या लोहाफेक्स प्रयोगात समुद्रात लोह घातलं, प्लवक वाढलेही, पण सिलिकेट कमी होतं म्हणून डायटमना, म्हणजे सिलिकेटपासून कवच बनवणाऱ्या प्लवकांना, वाढता आलं नाही. तुझ्या ताटात डाळ आणि पालेभाजी रोज हवीच, मग उपास असो की नसो.

बाबा, संध्याकाळी राजवाड्याकडे स्कूटर नेऊ नका. मल्हारगंजचा दादा रविवारी येईल, बाजार त्याला सांगा. रागावून नाही सांगत, काळजी वाटते. रोज ईमेल करेन. आईच्या हिमोग्लोबिनचा रिपोर्ट जानेवारीत दादाकडून मला पाठवा, आकडा लपवू नका.

तुमची,
मनू