जाड पिशवीचा हिशोब

सॅक्रॅमेंटो, कॅलिफोर्निया
१६ जानेवारी २०२६

ती. दादा आणि सौ. वहिनींना सा. न.

संक्रांतीचा तिळगूळ पत्रातूनच घ्या. दादा विचारतोय की घाऊकवाला १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ‘कायद्यात बसतात’ म्हणून गळ्यात मारतोय, त्या दुकानात ठेवाव्यात का. वहिनींना रथसप्तमीच्या आत हळदीकुंकू करायचंय आणि वाणात पिशव्या द्यायच्यात, तर बाजारातल्या ‘कापडी’ घ्याव्यात का. दोन्ही प्रश्न एकाच माळेचे आहेत आणि कॅलिफोर्नियाने गेली दहा वर्षं त्यांच्यापायी बराच घोळ घालून ठेवलाय. तोच आधी सांगतो.

या १ जानेवारीपासून इथल्या किराणा दुकानांच्या काउंटरवर प्लॅस्टिकची पिशवी मिळत नाही. कागदी मिळते, तिचे किमान १० सेंट पडतात. तू म्हणशील, कॅलिफोर्नियात बंदी तर कधीच झाली होती. झाली होती खरी. सॅन फ्रान्सिस्कोने २००७ मध्ये सुरुवात केली, राज्याचा कायदा २०१४ मध्ये झाला, पिशवी कारखानदारांनी तो सार्वमताला नेला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये लोकांनी तो राखला. पण त्या कायद्यात बंदी होती ती पातळ झबला पिशवीला. २.२५ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ५७ मायक्रॉन जाडीची पिशवी ‘पुन्हा वापरण्याजोगी’ ठरवून १० सेंटला विकायची मुभा होती. अटही होती: २२ पौंड, म्हणजे १० किलो वजन १७५ फूट नेता आलं पाहिजे, आणि असं १२५ वेळा. पिशव्या या परीक्षेत पास झाल्या. गिऱ्हाईक नापास झालं. १० सेंट ही रक्कम तीनशे डॉलरच्या बिलात कुणाला दिसतसुद्धा नाही. लोकांनी जाड पिशवी पातळ पिशवीसारखीच वापरली, एकदा आणली आणि टाकली.

आता ग्रॅममध्ये बघ. ४० बाय ५० सेंटिमीटरची पिशवी घेतली तर दोन्ही बाजू मिळून ०.४ चौरस मीटर प्लॅस्टिक. घनता ०.९२ धर. १२ मायक्रॉनची जुनी झबला पिशवी भरते साडेचार ग्रॅमच्या आतबाहेर. ५७ मायक्रॉनची २१ ग्रॅम. तुझा घाऊकवाला देतोय ती १२० मायक्रॉनची ४४ ग्रॅम. म्हणजे इथली जाड पिशवी पाच वेळा आणि तुझी दहा वेळा वापरली, तर कुठे प्लॅस्टिकची बरोबरी होते, बचत त्यापुढे. इथे ती पाच वेळाही वापरली गेली नाही आणि त्याचा परिणाम राज्याच्या कचऱ्याच्या मोजणीत आला. २०१४ मध्ये पिशव्यांचा कचरा १,५७,३८५ टन होता, २०२२ मध्ये २,३१,०७२ टन. बंदी असताना ४७ टक्के वाढ! मधे करोनाचा काळ गेला, घरपोच सामान वाढलं, २०२० मध्ये साठ दिवस बंदीच स्थगित होती. तो वाटा वजा केला तरी जाडीच्या पळवाटेचा दोष उरतोच. सप्टेंबर २०२४ मध्ये नवा कायदा करून ती पळवाट बुजवली.

पण बंदी फसली असं म्हणणारे इथे बरेच आहेत, आणि ते अर्धंच खरं सांगतात. सॅन होजे शहराने २०१२ मध्ये पातळ पिशव्या बंद केल्या आणि नंतर गटारं तपासली. पावसाळी गटारांतल्या पिशव्या सुमारे ८९ टक्के कमी झाल्या, ओढे-नद्यांतल्या ६० टक्के, रस्त्यांवरच्या ५९ टक्के. पातळ पिशवी वाऱ्यावर उडते, जाळीला चिकटते आणि पाण्याने दाबली की झाकणासारखी बसते. जाड पिशवी उडत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशीच्या तुंबलेल्या नाल्यांवरूनच आपल्याकडे पिशव्यांचा वाद पेटला होता. तेव्हा हिशोबाच्या वह्या दोन आहेत: गटाराची एक आणि वजनाची, म्हणजे कच्चा माल, वीज, धूर यांची दुसरी. कॅलिफोर्नियाने पहिल्या वहीत कमावलं आणि दुसऱ्या वहीत घालवलं. वाद घालणारे आपापल्या सोयीची वही उघडून बसतात, म्हणून तो मिटत नाही.

दुसऱ्या वहीतलं एक कलम फार कुणी मोजत नाही. फुकट मिळालेली पिशवी घरी कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून जाते. रेबेका टेलर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या शहरांच्या बंदीचा अभ्यास केला. बंदीमुळे दुकानांतलं ४ कोटी पौंड प्लॅस्टिक वाचलं, पण लोकांनी कचऱ्याच्या पिशव्यांचे रोल विकत घेतले, ते १ कोटी २० लाख पौंड. छोट्या आकाराच्या पिशव्यांचा खप १२० टक्के वाढला. तरी नफाच झाला म्हणा, पण तीस टक्क्यांच्या जवळपास कापून. तुमच्याकडे काळ्या पिशव्यांचे रोल घेत असाल तर तेवढं बघा. ओल्या कचऱ्याच्या बादलीत तळाला वर्तमानपत्राचे दोन पदर घातले की पिशवी लागत नाही, आणि घंटागाडीवाल्याला गाठ फाडत बसावं लागत नाही.

‘वापरून झाली की रिसायकल होते’ या बोलण्यालाही फसू नकोस. इथे बाटल्या, डबे, कागद एकाच निळ्या डब्यात जातात आणि कारखान्यात पट्ट्यावरून वेगळे होतात. पुठ्ठा वर तरंगत पुढे जावा म्हणून फिरत्या दांड्यांवर चकत्यांच्या रांगा बसवलेल्या असतात. पिशवी त्या दांड्याला गुंडाळते, मग दुसरी, मग तिसरी. चकत्यांमधल्या फटी बुजतात आणि सगळा माल एकत्रच पुढे जातो. मग यंत्र बंद करायचं, वीज तोडून कुलूप लावायचं आणि माणसांनी आत उतरून सुरीने गुंडाळा कापायचा. म्हणून पिशवी निळ्या डब्यात टाकू नका असं सांगतात, दुकानातल्या खोक्यात टाका म्हणतात. आणि ती खोकी ठेवायला लावणारा राज्याचा कायदा १ जानेवारी २०२० ला मुदत संपून गेला! पिशवीवर बाणांचं त्रिकोणी चिन्ह मात्र राहिलं. २०२२ च्या नोव्हेंबरात राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने सहा कारखानदारांना लिहिलं, की हे चिन्ह कशाच्या जोरावर छापता त्याचा पुरावा द्या. आपला भंगारवालाही मळकी पिशवी घेत नाही. कारण तेच, धुण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त.

आता दादा, तुझं दुकान. १२० चा आकडा केंद्राच्या नियमातला आहे: आधी ५० मायक्रॉन, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५, ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. महाराष्ट्राची मार्च २०१८ ची अधिसूचना वेगळी आणि जास्त कडक आहे, ती हातात धरायच्या पिशवीची जाडी बघत बसत नाही. पहिल्या खेपेचा दंड ५ हजार. घाऊकवाल्याच्या शब्दावर माल भरू नकोस, आधी नगरपालिकेत विचार.

त्याचा माल खरा आहे का हे तुझ्या काट्यावरच कळेल. पिशवी पूर्ण उलगडून सपाट कर, बाजूच्या आत वळलेल्या घड्याही उघड, लांबी-रुंदी मोज आणि दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढ. दुकानाचा काटा पाच ग्रॅमच्या खाली खरं सांगत नाही, म्हणून वीस पिशव्या एकदम ठेव आणि वजनाला वीसने भाग. एका पिशवीचे ग्रॅम भागिले क्षेत्रफळ, भागिले ०.९२, की आले मायक्रॉन. ४० बाय ५० च्या वीस पिशव्या ८८० ग्रॅमच्या आसपास भरल्या तर माल १२० चा. साडेपाचशे भरल्या तर ७५ चा आहे आणि तो तुला टोपी घालतोय. पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापलेली किंवा निदान क्यूआर कोडात दिलेली हवी. तिघांतलं एक नसलं तरी परत पाठव.

माझं विचारशील तर ठेवूच नकोस. गिऱ्हाइकाला घरून पिशवी आणायला लावण्याचा एकच उपाय आजवर चाललाय, तो म्हणजे पैसे वेगळे आणि डोळ्यांत भरतील असे घेणं. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये पिशवीवर १५ सेंट कर बसवला, तो दुकानदाराच्या गल्ल्यात न जाता सरकारच्या पर्यावरण निधीत गेला. माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या लागायच्या, त्या २१ वर आल्या. कॅलिफोर्नियात पैसे दुकानदाराकडेच राहायचे, त्यामुळे जास्त पिशव्या विकण्यात त्याचाच फायदा. तू पिशवीचे पैसे बिलात वेगळ्या ओळीत लाव आणि घरची पिशवी आणणाऱ्याचे तेवढे कमी घे. साखर-डाळीला खाकी पुडे आणि सुतळी, दहा किलोच्या वरच्या मालाला रिकामी गोण. कागद पर्यावरणाला फार हलका असतो अशातला मात्र भाग नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये पिशव्या तोलल्या तेव्हा पातळ प्लॅस्टिकची ८ ग्रॅम भरली आणि कागदी ५५.

घाऊकवाला ‘कंपोस्टेबल’, म्हणजे खत होणाऱ्या, असं लिहिलेल्या पिशव्याही दाखवायला आणेल. त्या साधारण ५८ अंश तापमान टिकवणाऱ्या मोठ्या खत कारखान्यासाठी असतात. परसातल्या खड्ड्यात तेवढी ऊब राहत नाही, पिशवी महिनोन्‌महिने तशीच राहते. आणि नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं प्लॅस्टिक विकायला कॅलिफोर्नियात मनाईच आहे, एवढा तो शब्द पोकळ.

वहिनी, बाजारात ‘कापडी’ म्हणून मिळतात त्या डी-कट, डब्ल्यू-कट पिशव्या बहुतेक नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेल्या, पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच. कोपऱ्याचा धागा काडीने पेटवून बघा: वितळून कडक मणी झाला तर प्लॅस्टिक, कागद जळाल्यासारखा वास येऊन राख झाली तर सूत. उन्हात राहिल्या की त्यांचा भुगा होतो आणि तो झाडूने गोळाही होत नाही. वाणात त्या नकोत.

नव्या सुती पिशव्या विकत घ्याव्यात, तर तेही जपून. त्याच ब्रिटिश अभ्यासात सुती पिशवीचं वजन १८३ ग्रॅम होतं, आणि हवामानाच्या हिशोबाने एका पातळ पिशवीशी बरोबरी व्हायला ती १३१ वेळा वापरावी लागते असं निघालं. पातळ पिशवीचं कचऱ्याच्या डब्यात अस्तर करत असाल तर आकडा ३२७ वर जातो. कापसाचं पाणी, खत, सूतगिरणीची वीज यांचा हा भार. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासातला २०,००० वेळांचा आकडाही मोबाइलवर फिरताना वाचला असेल. तो सेंद्रिय कापसाचा, ओझोनच्या थरावरच्या परिणामाचा आहे. त्या पिशवीत ठरलेलं सामान मावत नाही म्हणून दोन पिशव्या धरल्या आहेत. हवामानापुरतं बघितलं तर तिथेच १४९ येतात, साध्या सुती पिशवीला ५२. शिवाय डेन्मार्कमध्ये पिशव्या रस्त्यावर पडत नाहीत असं गृहीत धरून गटाराची वहीच मिटून ठेवलीय. आठवड्यातून दोनदा बाजार केला तर १३१ खेपा सव्वा वर्षात होतात, तेव्हा सुती पिशवी वाईट नाही. वाईट आहे ती पाच हळदीकुंकवांतून आलेली आणि कपाटात घडी होऊन पडलेली सहावी पिशवी.

म्हणून जुन्या साडीची शिवा; कापसाचा भार त्या साडीने आधीच फेडलाय. साडेपाच मीटरच्या सुती साडीचा पन्हा साधारण ११५ सेंटिमीटर. पन्ह्यात ४० सेंटिमीटरचे दोन तुकडे बसवा, लांबीत ९० सेंटिमीटरचे सहा, झाले बारा. उरलेल्या ३५ सेंटिमीटरच्या पट्टीतून ८ बाय ६० चे चोवीस बंद सहज निघतात. ९० चा तुकडा मधोमध दुमडायचा, म्हणजे तळाला शिवण येत नाही आणि उसवायची पहिली जागाच जाते. दोन्ही बाजूंना दुहेरी टीप, तोंडाला दोन-दोन सेंटिमीटरची दोनदा दुमड. बंद चार पदरी दुमडून दोन सेंटिमीटर रुंद करा आणि पिशवीवर चार सेंटिमीटर खाली उतरवून चौकोन अन् त्यात फुली अशी टीप मारा. नुसत्या काठावर टाचलेला बंद पाच किलो बटाट्यातच निघतो. साडी विरलेली असेल, उजेडात धरली की धागे विरळ दिसत असतील, तर कापड दुहेरी घ्या आणि सहाच पिशव्या काढा. मासळी-मटणाला ही पिशवी नको, ओल सुकत नाही आणि वास बसतो. त्याला झाकणाचा स्टीलचा डबाच बरा.

बायकांना विचारून द्या, घरी आधीच आठ-दहा असतील तिला तिळाचे दोन लाडू जास्त द्या. दादाने वीस पिशव्यांचं वजन केलं की आकडा कळवा.

तुमचा धाकटा