रूपविकारी ताऱ्यांचीही दखल घ्यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नवा परग्रह सापडल्याची बातमी आपल्या दैनिकात आली की ती मी आवडीने वाचतो. मात्र ज्या मोहिमांतून हे ग्रह हाती लागतात, त्यांच्या नोंदींत ग्रहांच्या कितीतरी पट रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचा प्रकाश कमी-जास्त होत राहतो असे तारे, असतात, याचा उल्लेख सहसा होत नाही, म्हणून हे पत्र.

गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला, तर ताऱ्याचा प्रकाश जेमतेम एक टक्क्याने घटतो. ही घट टिपण्यासाठी केप्लर या अवकाश दुर्बिणीने २००९ पासून चार वर्षे हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या परिसरातील सुमारे दीड लाख ताऱ्यांवर नजर ठेवली. २०१८ साली सोडलेली टेस दुर्बीण आकाशाचा एकेक भाग साधारण २७ दिवस न्याहाळते. इतक्या बारकाईने पाहिल्यावर प्रकाश बदलणारा तारा सहसा लपत नाही. केप्लरच्या क्षेत्रात एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या ताऱ्यांच्या २,८०० हून अधिक जोड्या नोंदल्या गेल्या. ग्रह शोधणाऱ्यांना या जोड्या चकवतात, हे खरे. पण प्रकाशातील घटीवरून आड येणारी वस्तू ओळखण्याची कल्पना मुळात याच ताऱ्यांवरून आलेली आहे. ययाती तारकासमूहातला मायावती तारा दर २ दिवस २१ तासांनी मंदावतो, त्याचे कारण त्याच्याभोवती फिरणारी एखादी मोठी वस्तू आड येत असावी, असे जॉन गुडरिक यांनी १७८३ सालीच सुचवले होते.

असे तारे सापडणे आता सोपे झाले आहे. त्यांचा प्रकार ठरवणे तितके सोपे नाही. गेल्या पावसाळ्यात, दुर्बीण गुंडाळून ठेवलेली असताना, मी टेसच्या एका ताऱ्याच्या नोंदी उतरवून घेतल्या. संगणकाने आवर्तकाल, म्हणजे प्रकाशातील बदलाची एक फेरी पूर्ण होण्याचा काळ, सुमारे चार तासांचा सांगितला आणि आलेख गुळगुळीत दिसल्याने मी तो स्पंदन पावणारा (स्वतःच फुगत-आकसत प्रकाश बदलणारा) तारा ठरवून मोकळाही झालो. सहज म्हणून आठ तासांचा काळ धरून साऱ्या नोंदी एकावर एक बसवल्या, तेव्हा एकाआड एक येणाऱ्या दोन घसरणींपैकी एक दुसरीपेक्षा केसभर खोल निघाली. म्हणजे ती एकमेकांना चिकटून फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी होती; एका फेरीत दोघेही एकमेकांना एकेकदा झाकतात, म्हणून दोन घसरणी. एवढ्यावर भागले नाही. टेसचा एक पिक्सेल आकाशाचा २१ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) तुकडा टिपतो, त्यामुळे शेजारपाजारच्या ताऱ्यांचा प्रकाश त्यात मिसळतो. एकेक पिक्सेल स्वतंत्रपणे तपासल्यावर ही जोडी म्हणजे माझा तारा नसून त्याच्या बाजूचा मंद तारा आहे, हे कळले. (मूळ ताऱ्यात काहीच बदल नव्हता!)

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. तिमिंगलातील मीरा ताऱ्याचे आवर्तन सुमारे ३३२ दिवसांचे आहे. २७ दिवसांच्या पाहणीत त्याचा एक तुकडाच दिसणार. अशा ताऱ्यांसाठी हौशी निरीक्षकांनी वर्षानुवर्षे डोळ्यांनी केलेल्या नोंदींना आजही पर्याय नाही.

केप्लर आणि टेस यांच्या नोंदी कोणालाही विनामूल्य मिळतात. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी आणि पुण्याच्या १९४४ पासून चालत आलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळांसाठी हे काम हातात घेण्याजोगे आहे. आपण विज्ञानाच्या पानावर एखाद्या ताऱ्याचा आलेख छापून तो कसा वाचावा हे तज्ज्ञांकडून लिहवून घेतलेत, तर सुरुवात करणाऱ्यांची मोठी सोय होईल, आणि पावसाळ्यापूर्वी ते जमल्यास अधिक बरे.

आपला,
एक हौशी आकाशनिरीक्षक, पुणे