पंचगंगेकाठी चालताना

मा. संपादक, स.न.वि.वि.

प्रयाग चिखलीच्या संगमापासून पंचगंगेकाठी चालायला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. उसाच्या बांधावर पाचटाखाली पाट दिसत नाही, काठीने चाचपावे. पाटाची कड पायाने ढासळली, तर पाणी भलत्याच सरीत जाते आणि शेतकऱ्याची पाण्याची पाळी वाया जाते, एवढे तरी जपावे.

राजाराम बंधाऱ्यावर जास्त सांभाळा. पाऊस सरला की खांबांच्या खाचांत बरगे (आडव्या फळ्या) घालून पाणी अडवतात; झिरप्याने खालचा दगड शेवाळतो. फोटोसाठी तिथे उतरूच नये. पावसाळ्यात इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पण बंधारा त्याच्या कितीतरी आधी बुडतो. पाटबंधारे खात्याने दोन्ही टोकांना ठळक फलक लावावेत.

– एक पदभ्रमंतीप्रेमी, कोल्हापूर