वॉलमार्टनं सॉफ्टवेअर वाटलं नाही, कामाला लावलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या अर्थ-उद्योगच्या पानावर मोठ्या कंपन्या आपलं सॉफ्टवेअर कसं फुकट देतात यावर एक छोटं टिपण आलं होतं. त्यात वॉलमार्टचं उदाहरण होतं, की त्यांनी स्वतःची वेबसाइट ज्यावर चालते तो अख्खा प्लॅटफॉर्म जगाला देऊन टाकला. गोष्ट ऑक्टोबर 2016 ची आहे, म्हणजे शिळीच, पण ते राहू द्या, मला खटकला तो टिपणाचा सूर, जणू बेंटनव्हिलच्या (वॉलमार्टचं मुख्यालय तिथं) शेटजींनी अन्नछत्रच उघडलंय. मी पुण्यात वेबसाइटी बांधायचंच काम करतो, रिॲक्ट (वेबपानं बनवायची फेसबुकची लायब्ररी) आणि नोड (जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवायची सिस्टिम) हे माझं रोजचं, म्हणून म्हटलं दोन शब्द लिहावेत, नाहीतर वाचणाऱ्या पोरांचा भलताच समज व्हायचा.

त्या प्लॅटफॉर्मचं नाव इलेक्ट्रोड. वॉलमार्ट लॅब्स नावाची त्यांची टेक्नॉलॉजीची शाखा होती (आता तिचं नाव वॉलमार्ट ग्लोबल टेक), 2011 मध्ये कॉसमिक्स नावाची स्टार्टअप विकत घेऊन ती उभी राहिली, आणि कॉसमिक्स काढणारे दोघंही आपलेच, वेंकी हरिनारायण आणि आनंद राजारामन. तर या लॅब्सनं वॉलमार्ट डॉट कॉमचा समोरचा भाग जुन्या सिस्टिमवरून काढून रिॲक्ट आणि नोडवर आणला आणि ते करताना जी हत्यारं बनवली ती अपाची 2.0 लायसन्सखाली (कुणीही वापरा, बदला, अशी मुभा देणारं) उघडी केली. आता समोरचा भाग म्हणजे काय हे लक्षात घ्या. वस्तूचा भाव कसा ठरतो, सर्चमध्ये वर काय येतं, कुठल्या गोदामातून माल निघतो, सप्लायरशी हिशोब कसा चालतो, यातलं काहीच इलेक्ट्रोडमध्ये नव्हतं, कारण वॉलमार्टचा धंदा तिथं आहे. दिलं ते असं, की जे ॲमेझॉनच्या हातात पडलं तरी वॉलमार्टचं काही बिघडत नाही.

मात्र दिलं ते फडतूस होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये. एक उदाहरण सांगतो, थोडं टेक्निकल आहे पण कळेल. रिॲक्टचं पान सर्व्हरवरच तयार करून पाठवलं तर गिऱ्हाईकाला लवकर दिसतं आणि गुगललाही वाचता येतं, पण त्या काळी पान तयार करणारं रिॲक्टचं फंक्शन एकदा सुरू झालं की संपेपर्यंत नोड दुसरं काहीच करू शकायचा नाही, मागं हजार माणसं रांगेत उभी असली तरी. आता वॉलमार्टच्या पानावर काय असतं, तर वस्तूंचे चौकोन, फोटो, नाव, किंमत, एकाच साच्याचे डझनावारी, आणि ब्लॅक फ्रायडेला (अमेरिकेतला मोठ्या सेलचा दिवस) तेच चौकोन लाखो वेळा नव्यानं काढायचे. इलेक्ट्रोडच्या एका मॉड्यूलनं काय केलं, की चौकोनाचा साचा एकदाच काढून मेमरीत ठेवला, नाव आणि किमतीच्या जागी खुणा सोडल्या, आणि पुढच्या वेळी फक्त त्या खुणांच्या जागी खरा मजकूर भरला. दुसऱ्या एका मॉड्यूलमध्ये पानाचा जो भाग स्क्रोल केल्याशिवाय दिसतच नाही तो सर्व्हरवर काढायचाच नाही, मागाहून ब्राउझर काढेल, अशी सोय होती. आणि ही मॉड्यूलं सुटी होती, अख्खा इलेक्ट्रोड न घेता कुणाच्याही रिॲक्ट ॲपमध्ये बसवता यायची, हे मला सगळ्यात आवडलेलं.

मग कंपनीला काय मिळालं? याचं उत्तर त्यांच्याच आधीच्या कारभारात आहे. इलेक्ट्रोडच्या आधी वॉलमार्टच्या मोबाइल टीममध्ये एरन हॅमर यांनी हापी नावाचं नोडचं फ्रेमवर्क (ॲप बांधायचा तयार सांगाडा) काढलं, तेही ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी उघडा. हॅमरनी 2014 मध्ये उघडपणे लिहिलं की ओपन सोर्स म्हणजे धर्मादाय नव्हे, हापीवर वॉलमार्टनं 20 लाख डॉलरच्या वर खर्च केलाय आणि त्याचा हिशोब ते ठेवतात. हिशोब असा, की साधारण 5 स्टार्टअप हापी वापरायला लागल्या की एका पूर्णवेळ डेव्हलपरचं काम बाहेरून होतं आणि 10 मोठ्या कंपन्या वापरायला लागल्या की एका सिनियरचं. बाहेरची माणसं बग शोधतात, दुरुस्त्या पाठवतात, आणि त्यांना पगार द्यावा लागत नाही. शिवाय नोकरीला येणारा पोरगा ते आधीच शिकून आलेला असतो. सिलिकॉन व्हॅलीत गुगल-फेसबुक सोडून किराणा विकणाऱ्या कंपनीत कोण जातंय, हा त्यांचा खरा प्रश्न होता आणि अशा प्रोजेक्टमुळं नाव होतं, तुम्ही कितीही जाहिराती दिल्यात तरी तसं होत नाही.

उलट बाजूनंही फायदा होतो बरं का. 2013 मध्ये वॉलमार्टच्या नोड सर्व्हरमध्ये मेमरी हळूहळू गळत होती, त्यांची माणसं आणि जॉयंट ही कंपनी (नोडचा कारभार तेव्हा जॉयंटकडं होता) मिळून कितीतरी महिने मागं लागली आणि शेवटी दोष सापडला तो थेट नोडच्या पोटात, वॉलमार्टच्या कोडमध्ये नाहीच. दुरुस्ती अगदी छोटी, पण ती मूळ नोडमध्ये गेली आणि माझ्यासारख्या हजारोंचे सर्व्हर नोडचं नवं व्हर्जन घेतल्यावर सुधारले. याला मी खरं योगदान म्हणेन, आणि गंमत म्हणजे याची बातमी कुठल्याच अर्थपानावर येत नाही.

ॲमेझॉनचा काटा तर आहेच. इलेक्ट्रोडच्याच वर्षी, जानेवारी 2016 मध्ये, वॉलमार्टनं वनऑप्स नावाची सिस्टिम ओपन सोर्स केली होती, ॲप एका क्लाउडवरून (भाड्यानं मिळणारे सर्व्हर) दुसऱ्या क्लाउडवर सहज हलवता यावं यासाठीची. ती बनवणारी कंपनी त्यांनी 2013 ला विकत घेतलेली. लोकांना ॲमेझॉनच्या क्लाउडमधून बाहेर पडणं सोपं झालं तर वॉलमार्टला वाईट कशाला वाटेल! दातृत्व म्हणा हवं तर, मी डावपेच म्हणतो, आणि त्यात वाईट काहीच नाही.

आता तुमच्या टिपणात जे आलंच नाही ते. इलेक्ट्रोड आला त्याच महिन्यात, 25 ऑक्टोबर 2016 ला, झाइट नावाच्या छोट्या कंपनीनं (आताचं व्हर्सेल) नेक्स्ट डॉट जेएस काढलं, काम बरंचसं तेच, सर्व्हरवर रिॲक्टची पानं काढणं. आज पुण्यात कुठल्याही ऑफिसात विचारा, नेक्स्ट सगळ्यांना माहिती आणि इलेक्ट्रोड म्हटलं की पोरं तोंडाकडं बघतात. का? एक तर नेक्स्टमध्ये एका फोल्डरमध्ये फाइल टाकली की पान तयार, इलेक्ट्रोड मात्र वॉलमार्टच्या गरजेतून आलेला, त्यांचे कितीतरी ॲप, सॅम्स क्लब, असदा (ब्रिटनमधली, तेव्हा वॉलमार्टचीच) अशा त्यांच्या दुकानांचे, सगळ्यांना एकाच साच्यात बसवायचं तर आर्किटाइप (सगळ्या ॲपना लावायची सामायिक मांडणी) वगैरे भानगडी लागणारच, पण पाच माणसांच्या कंपनीला त्या कशाला हव्यात. दुसरं, आणि माझ्या मते मोठं कारण, व्हर्सेलचं पोट नेक्स्टवर आहे आणि वॉलमार्टचं पोट दूध-अंडी-टीव्ही विकण्यावर. ते मघाचं साचा साठवणारं मॉड्यूल रिॲक्टच्या आतल्या भागालाच हात घालायचं, म्हणून ते रिॲक्टच्याही आधी लोड करावं लागायचं, आणि सप्टेंबर 2017 ला रिॲक्ट 16 आलं तेव्हा फेसबुकनं सर्व्हरचा तो भाग नव्यानंच लिहिला. मग ती युक्ती तशीच्या तशी कशी चालणार? तुमच्या पायाखालची फरशी फेसबुकची असेल तर ती कधी बदलायची हे फेसबुक ठरवणार.

आमच्याकडं एक प्रोजेक्ट आहे, कंपनीचं नाव घेत नाही, तोही असाच कुणा मोठ्याच्या फ्रेमवर्कवर बांधलेला, मोठं नाव बघून निवडलेला. आता नोडचं व्हर्जन वाढवायचं म्हटलं की एक पॅकेज अडतं, त्याच्या पानावर गेलं तर प्रश्नांची रांग लागलीय आणि उत्तर द्यायला कुणी नाही, क्लायंट विचारतो सिक्युरिटीची दुरुस्ती कधी, आणि आमचा मॅनेजर माझ्याकडं बघतो. कोड उघडाय, लायसन्स चांगलंय, कायद्यानं सगळं हातात आहे, पण तो कोड समजून घेऊन सांभाळायला जी दोन-तीन माणसं लागतात त्यांचा पगार कोण देणार हे लायसन्समध्ये लिहिलेलं नसतं.

हे मी एवढ्यासाठी लिहितोय की तुमचा पेपर इंजिनिअरिंगची पोरं वाचतात आणि त्यांचे प्राध्यापकही. 2018 ला वॉलमार्टनं फ्लिपकार्टचा 77 टक्के हिस्सा 16 अब्ज डॉलरला घेतला तेव्हापासून तर वॉलमार्ट म्हटलं की पोरांचे कान टवकारतात, मोठ्या कंपनीचं आहे म्हणजे भारीच असणार म्हणून फायनल इयरचा प्रोजेक्ट त्यावर करतात. करू द्या, इलेक्ट्रोडचा कोड वाचण्यासारखाच आहे, मी स्वतः त्यातून शिकलोय. पण वाचून शिकणं वेगळं आणि त्यावर धंद्याची साइट उभी करणं वेगळं.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी अमुक कंपनीनं सॉफ्टवेअर फुकट दिलं असं छापाल तेव्हा लायसन्स कुठलं, कोडमध्ये शेवटचा बदल कधी झाला, आणि कंपनीची स्वतःची साइट अजून त्यावरच चालते का, एवढं तरी शेजारी चौकटीत द्या. पहिल्या दोन गोष्टी तर त्या प्रोजेक्टच्या पानावरच लिहिलेल्या असतात, तिसरीसाठी तुमच्या वार्ताहराला एखादा फोन करावा लागेल.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे