शाळेत सिनेमा दाखवा, पण पाच मिनिटांचा

संपादक महोदय,

परीक्षा संपली की सगळ्या वर्गांना सभागृहात दाटीवाटीने बसवायचे, माणशी वर्गणी घेऊन एखादा ‘प्रेरणादायी’ चित्रपट लावायचा आणि अहवालात ‘शैक्षणिक उपक्रम’ अशी नोंद करायची, ही अनेक शाळांतली रीत आहे. मुलांची करमणूक होते, त्याला हरकत नाही. फक्त त्याला अध्यापन म्हणू नये.

दहावीच्या इतिहासात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ व ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ ही दोन प्रकरणे लागोपाठ आहेत. पहिल्यात हिटलरच्या बनावट रोजनिशींचे उदाहरण देऊन माध्यमांतली माहिती पारखून घ्यायला सांगितले आहे. ही पारख टिपा उतरवून येत नाही. ती पडद्यासमोर बसून, तुकडा थांबवत, मागेपुढे करत शिकावी लागते.

त्यासाठी एक तासिका पुरते. पाच मिनिटांचा एकच तुकडा तीनदा दाखवावा. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून. मुलांनी फक्त दिसले तेवढे लिहायचे. ‘राजा चिडला’ नको, ‘राजाने मूठ आवळली, कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला’ असे. दुसऱ्यांदा पडदा झाकून नुसता आवाज ऐकवावा. संगीत नेमके कुठे सुरू झाले, कुठे थांबले, हे टिपताना राजा चिडल्याचा भास कुणी आणला ते मुलांना आपोआप कळते. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. उरलेला वेळ चर्चेला. शिक्षकाने आधीच ‘यातून काय बोध घेतला?’ असे विचारले, की मुले त्याला हवे ते उत्तर देतात आणि तास तिथेच संपतो.

ऐतिहासिक चित्रपट असेल तर वहीत तीन रकाने आखावेत: पडद्यावर काय दिसले, पुस्तकात त्याला आधार आहे का, भर कुणी आणि कशासाठी घातली असेल. आरंभी काही सेकंद झळकणारी ‘कल्पनास्वातंत्र्य घेतले आहे’ अशा अर्थाची सूचना थांबवून मोठ्याने वाचून घ्यावी. ती सहसा कुणी वाचत नाही.

सुरुवात फाळक्यांपासून करावी, असे आम्ही सुचवू. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, तोही मूक. त्यामुळे वरच्या रीतीतला दुसरा टप्पा इथे गळतो. तारामतीच्या भूमिकेत अण्णा साळुंके हे पुरुष नट आहेत, हे सांगितल्यावर हशा पिकतो. स्त्रिया पडद्यावर का आल्या नाहीत, हा प्रश्न त्यातूनच निघतो. शिवाय आज हाती असलेली रिळे १९१३ च्या मूळ चित्रपटाची की १९१७ च्या पुनर्निर्मितीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. साधनचिकित्सेला, म्हणजे ऐतिहासिक साधन अस्सल आहे का हे तपासायला, यापेक्षा चांगला धडा कुठून आणायचा? एक तांत्रिक गोष्ट: मूकपट आजच्यापेक्षा कमी वेगाने चित्रित होत, म्हणून आजच्या वेगाने चालवलेल्या काही प्रतींत माणसे पळत सुटल्यासारखी दिसतात. वेग ०.७५ वर आणला की चाल बरीच सुधारते.

बिनसते ते बहुधा यंत्रात. ऐनवेळी इंटरनेटवर विसंबू नये, तुकडा आधी उतरवून ठेवावा. जुने प्रोजेक्टर आणि टीव्ही अनेकदा फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह वाचतात आणि त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. लॅपटॉपला प्रोजेक्टरची एचडीएमआय वायर जोडली की आवाज प्रोजेक्टरकडे जातो आणि त्याचा स्पीकर कुचकामी असतो. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये बाहेरचा स्पीकर निवडावा आणि तो पडद्याखाली ठेवावा. पत्र्याच्या छताखाली आवाज घुमून संवाद कळत नाहीत, म्हणूनही सभागृहापेक्षा वर्ग बरा. शेवटचा बाक पडद्याच्या रुंदीच्या सहापटीपेक्षा लांब नसावा. उपशीर्षके वाचायची असतील तर त्याहून जवळ.

कायद्याची भीती अनाठायी आहे. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ५२ नुसार शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेच्या कामाशी थेट संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरते प्रदर्शन करता येते. चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे फाळके तर पूर्ण मोकळे. ओटीटीचे घरगुती खाते वर्गात लावणे मात्र त्या कंपनीच्या अटींत बसेलच असे नाही. सेन्सॉरचे प्रमाणपत्रही पाहावे: २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या चित्रपटांचे, ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन गट झाले आहेत.

पुढच्या तासाला मुलांच्या हाती मोबाइल द्यावा. एका मुलाचा निर्विकार चेहरा दहा सेकंद टिपायचा. त्याला एकदा जेवणाचे ताट जोडायचे, एकदा फुटलेली पाटी, एकदा रिकामा झोका. चेहरा तोच, पण बघणाऱ्याला तो भुकेला, घाबरलेला, उदास वाटतो. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्ह यांचा हा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग. मग जुन्या दंगलीचा व्हिडिओ नव्या मजकुरासह व्हॉट्सॲपवर आला, तर काय जोडले गेले आहे हे मुले स्वतःच विचारतात.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, बालभारती आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, तिन्ही पुण्यातच आहेत. त्यांनी मिळून एक यादी काढावी: कोणत्या पाठासाठी कोणता तुकडा, कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत, आणि सोबत तीन प्रश्न. पहिल्या वर्षी पंधरा तुकडे झाले तरी चालेल.

— चित्रपट-रसग्रहणाचे वर्ग घेणारे काही शिक्षक, सातारा