माझा करंजतेलाचा कॅन परत द्या

मा. पेट्रोलियम मंत्री, भारत सरकार,
सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी तालुक्याच्या वाटेवर माझी जुनी जीप अडवली. मागे ३५ लिटरचा कॅन होता. साहेबांनी झाकण उघडून वास घेतला, "भेसळीचं डिझेल" म्हणाले आणि कॅन उचलून नेला. पावती नाही, पंचनामा नाही.

ते डिझेल नव्हतं. माझ्या बांधावरच्या करंजाचं तेल होतं, घाण्यावर काढलेलं, जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळलेलं. चार किलो बियांना लिटरभर तेल पडतं. बिया माझी ७४ वर्षांची आई उन्हात बसून फोडते. जीप डिझेलवर चालू करायची, इंजिन तापलं की कॉक फिरवून तेलावर घ्यायची. थंडीत तेल घट्ट होतं, म्हणून टाकीतून गरम पाण्याची नळी फिरवली आहे. यात भेसळ कुठे आली?

कार्यालयात पाच खेपा घातल्या. एका टेबलावर म्हणाले, कर बुडवला. दुसऱ्यावर म्हणाले, परवाना नाही. अर्ज मागितला, तर असा अर्जच नसतो! ऐन खुरपणीतले माझे पाच दिवस कोण भरून देणार?

आणि तेलाचा नाद लावला कुणी? २००५ साली सरकारी योजनेचे लोक मोगली एरंडाची, म्हणजे ज्याच्या बियांच्या तेलाचं इंधन होतं त्या जट्रोफाची, रोपं घेऊन आले, बिया आम्हीच घेऊ म्हणाले. सहाशे रोपं लावली. घ्यायला कुणी फिरकलं नाही. पोती कुबट झाली, वडिलांनी उकिरड्यावर ओतली. पुढे २००९च्या धोरणात तुम्ही २०१७पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळणार होतात. २०१८च्या धोरणात त्याचे ५ टक्के झाले आणि मुदत गेली २०३०वर. आमचं कर्ज असं पुढे ढकलता येतं का?

मे २०२०मध्ये कच्चं तेल मातीमोल झालं, तेव्हा डिझेलवर लिटरमागे १३ रुपये कर एका रात्रीत वाढला. त्याला कुठला अर्ज आडवा आला नाही. घ्यायचं असलं की सरकारला सगळे नियम सापडतात.

ब्रिटनने २००७ साली वर्षाला २५०० लिटरपर्यंत जैवइंधन करणाऱ्याला इंधनकर माफ केला. मला ५०० पुरे. स्वतःच्या गाडीपुरतं एवढं लेखी द्या, लिटरलिटरचा हिशेब मी वहीत ठेवीन.

काल कॅन पाहिला. कार्यालयाच्या जिन्याखाली होता. झाकण नव्हतं, तेल निम्मंच उरलं होतं.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी